ऑईलचा काटा आणि तामियाची वाट

तामिया फार सुंदर आहे, असं तिथे जाऊन आलेले सगळे सांगतात. कडा आहे, कड्याखाली एकामागे एक दऱ्या आहेत, सकाळी धुकं असतं. मीही जाऊन आलो आहे. पण तिथलं वर्णन कोणी विचारलं की माझी पंचाईत होते, कारण तीन दिवसांच्या प्रवासात मी खिडकीबाहेर फारसं पाहिलंच नाही. मी पाहत होतो ते ड्रायव्हरसमोरचं एक लहानसं गोल मीटर आणि त्यातला एक काटा. तरी हे लिहितो आहे. छिंदवाड्याच्या रस्त्यानं जुनी गाडी घेऊन कोणी निघालाच तर त्याला उपयोग होईल, आणि माझ्या हातून जे झालं तेही एकदा लिहून मोकळं होता येईल.

धरमपेठ

आमचा धरमपेठेत सोडावॉटरचा लहानसा कारखाना होता. बाटल्या पोचवायला एक पिकअप होती, लष्कराच्या लिलावात घेतलेली, वयानं माझ्याहून चार-पाच वर्षांनीच लहान. ती चालवायचे नामदेवभाऊ. राहायला जरीपटक्याच्या अलीकडे, पन्नाशीचे, कमी बोलणारे. गाडीची सगळी दुखणीखुपणी तेच पाहायचे. मला गाडीतलं एवढंच कळायचं की ती चालू असली की बरं असतं.

माझी धाकटी बहीण कुसुम तामियाला दिली होती. तिचे यजमान जंगलखात्यात कारकून. पहिलंच बाळंतपण, म्हणजे रिवाजाप्रमाणे माहेरीच व्हायचं. पण सातव्या महिन्यात छिंदवाड्याच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं की मूल आडवं आहे, बाळंतपण नागपूरला मोठ्या दवाखान्यातच करा, आणि बसच्या धक्क्यांनी नेऊ नका. आम्ही तेव्हाच निघणार, तर तिच्या सासूबाईंचा निरोप आला की आठवा लागला आहे, आठव्यात गरोदर बाईनं नदी ओलांडायची नसते. आमच्याकडेही आठवा महिना जपतात, पण एवढं कडक नाही. वाटेत तर कन्हान आडवी येते. झालं, एक अख्खा महिना आम्ही नागपुरात बोटं मोडत बसलो. नववा लागल्यावर पत्र आलं की या आणि घेऊन जा.

दिवाळी नुकतीच झाली होती. मी स्वभावानं भित्रा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. जत्रेतल्या पाळण्यात बसत नाही, विहिरीत वाकून पाहत नाही. निघायच्या आदल्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी नामदेवभाऊंनी जुनं ऑईल काढून नवं घातलं. मग आईनं गाडीची पूजा केली, नारळ फोडला, बॉनेटवर झेंडूची माळ चढवली. नामदेवभाऊंच्या घरानं छप्पन साली दीक्षा घेतलेली, ते पूजेला थांबत नसत. आईचं आटपेपर्यंत ते आत जाऊन चहा प्यायले, आणि आईलाही त्यात कधी वावगं वाटलं नाही. मी मात्र त्या दिवशी नेहमीपेक्षा जरा जास्तच मनापासून हात जोडले.

सिल्लेवानीचा घाट, चढताना

सावनेर, सौंसर, रामाकोना, सगळं सुरळीत गेलं. दोन्ही बाजूंना संत्र्याचे बगीचे होते, अंबिया बहाराची फळं पिवळी होत आली होती. कन्हानच्या पुलावर मी एक नाणं टाकलं. पुढे घाट लागला आणि वळणांची भीती वाटू नये म्हणून मी नजर आत घेतली. तेव्हा पहिल्यांदा मला तो काटा दिसला.

सौंसरपर्यंत तो चाळिसावर होता. नामदेवभाऊ अधूनमधून त्याच्याकडे पाहत, म्हणून मीही पाहिला होता. आता तो पंचविसावर होता. पुढच्या वळणावर वीस, नंतर पंधरा. नामदेवभाऊंनी गाडी कडेला घेतली.

ऑईलचं प्रेशर पडलं म्हणजे काय, ते त्यांनी मला दोन वाक्यांत सांगितलं. इंजिनात लोखंडावर लोखंड फिरतं, मध्ये तेल असतं म्हणून ते एकमेकांना खात नाही. तेल पोचायचं थांबलं की घटकाभरात इंजिन पकडतं आणि गाडी जिथल्या तिथे मरते. मी आजूबाजूला पाहिलं. साग, दगड, आणि एकही माणूस नाही. परतीच्या वाटेवर इथेच कुसुम आपल्यासोबत असेल, हे डोक्यात आलं.

त्यांनी तेल मोजायची पट्टी काढून पाहिली, तेल पुरेपूर होतं. बोटावर चोळून वास घेतला. कधीकधी पंपातून पेट्रोल तेलात उतरतं आणि तेल पातळ होतं, तसं काही नव्हतं. मग मीटरकडे जाणारी तांब्याची बारीक नळी ढिली करून इंजिन चालू केलं, तर नळीतून तेल अगदी कसंबसं पाझरलं. म्हणजे मीटर खोटं बोलत नव्हतं. शेवटी लांब पेचकसाचं टोक इंजिनावर टेकवलं, लाकडी मूठ कानाला लावली आणि बराच वेळ ऐकलं. आत काही झिजलं की ठोका ऐकू येतो, तसा येत नाही म्हणाले. एवढं होईपर्यंत अर्धा तास गेला. पुन्हा गाडी सुरू केली तर काटा चाळिसावर. मी नवस फळल्यासारखा हसलो. दोन मैलांत तो पुन्हा पंधरावर आला.

असं थांबत, चालत आम्ही दिवस मावळायच्या सुमारास तामियाला पोचलो.

तामिया

त्या घरची माणसं प्रेमळ. आमच्याकडे पाहुण्याला आधी पाणी देतात, तिथे थंडीमुळे आधी निखाऱ्यांची शेगडी समोर आणून ठेवली. रात्री कुटकीचा भात, तुरीचं वरण, आणि चून म्हणजे बेसनाचं पिठलं. कुटकीचा भात मी पहिल्यांदाच खाल्ला, बारीक आणि किंचित कडसर लागतो. कुसुम समोर बसून वाढत होती. चेहरा उतरलेला, पाय सुजलेले, पण बोलणं तेच, मी दोनदा भात घेतला तर म्हणाली की दादाले भूक लागली म्हणजे रस्ता चांगला असला पाहिजे.

त्याच घरात दोन वर्षांपूर्वी तिची मोठी जाऊ बाळंतपणात गेली होती. तिचंही मूल आडवं होतं. त्याबद्दल कोणी बोलत नसे, पण मागच्या खोलीचं दार कायम बंद असे आणि कुसुम त्या दारासमोरून जाताना पदर सावरून भरभर जायची. हे मी त्या दिवशी पाहिलं.

सासूबाई मनानं वाईट नव्हत्या, पण त्यांचा विश्वास गावच्या सुईणीवर होता. नागपूरला पाठवायचं त्यांनी मोठ्या मुश्किलीनं कबूल केलं होतं, आणि नाही म्हणायला त्यांना एखादं कारण हवंच होतं. जेवण झाल्यावर त्यांनी मला सरळ विचारलं, ‘प्रभाकरराव, गाडी बरी आहे नं?’

नामदेवभाऊ ओसरीच्या कडेला बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

‘एकदम चांगली आहे, काकू,’ मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी लोक मला कडा दाखवायला घेऊन गेले. मी पाच मिनिटांत परतलो. नामदेवभाऊ गाडीखाली होते. त्यांनी फिल्टर खोलून धुतला, सगळे जोड आवळले. गाडी सुरू केली, काटा चाळिसावर. गावाबाहेर फेरी मारली, काटा वीसवर. ते गाडीतून उतरले आणि हळूच म्हणाले की घरच्यांना खरं काय ते सांगा. मी म्हटलं, सांगितलं तर कुसुम इथेच राहील. 

‘मी गाडी चालवीन, भाऊ,’ ते म्हणाले. ‘खोटं तुम्ही बोलजा.’

घाट, उतरताना

तिसऱ्या दिवशी उजाडताना ओटी भरून कुसुम निघाली. पुढच्या बाकावर गादी अंथरून तिला मध्ये बसवलं, एका बाजूला मी. छिंदवाड्यापर्यंत आम्ही तीन वेळा थांबलो. दर वेळी मी काहीतरी निमित्त सांगायचो, कधी चहा, कधी पाणी, एकदा तर म्हटलं की मला एक पक्षी पाहायचा आहे. मला कावळा आणि चिमणी सोडून एकही पक्षी ओळखता येत नाही, हे कुसुमला चांगलं ठाऊक होतं. 

घाटाच्या तोंडाशी काटा दहावर आला. नामदेवभाऊंनी गाडी थांबवली आणि मला बाजूला नेऊन सांगितलं की गिअरमध्ये उतरलो तर इंजिन जोरात फिरेल आणि तेल नसताना पकडेल, म्हणून इंजिन बंद करून नुसत्या ब्रेकवर उतरायचं. ब्रेक तापला की थांबायचं. हँडब्रेक धड नव्हता, त्यामुळे गाडी थांबली की कोणीतरी उडी मारून चाकाखाली दगड लावला पाहिजे. तो कोणीतरी म्हणजे मी.

तो घाट मी कसा उतरलो ते मलाच ठाऊक. बंद इंजिनाची गाडी उतारावर आवाज करत नाही, नुसता टायरांचा आणि वाऱ्याचा आवाज येतो, आणि तो वाढत जातो. उजवीकडे दरी. मांडीवर पाच शेराचा धोंडा घेऊन मी दाराशी बसलो होतो, तळहात घामानं ओले झाले होते आणि धोंडा निसटेल की काय ही आणखी एक भीती. गाडी मंद झाली की मी उडी टाकायचो, चाकाच्या पुढे पळायचो, दगड सरकवायचो. एका वळणावर खालून लाकडं भरलेला ट्रक आला. नामदेवभाऊंनी गाडी डोंगराच्या अंगाला इतकी घासून घेतली की माझ्या बाजूचं गवत खिडकीतून आत आलं. माझ्या तोंडून आईचं नाव निघालं. कुसुमनं एका हातानं पोट धरलं होतं, दुसऱ्यानं माझं मनगट.

‘दादा, तू सारखा त्या मीटरमध्ये काय पाहून राहिला?’ तिनं विचारलं.

मी म्हटलं, किती वाजले ते पाहतो आहे.

‘ते घड्याळ नाही,’ ती म्हणाली, आणि समोर पाहू लागली.

सौंसर

पायथ्यापासून सौंसरपर्यंत आम्ही बैलगाडीच्या चालीनं आलो. बाजाराच्या टोकाला कडुलिंबाखाली एका मिस्त्रीचं दुकान होतं, बाबूलाल त्याचं नाव. मागे त्याचं घर. त्याच्या बायकोनं कुसुमला पाहिलं मात्र, काही न विचारता बाज टाकली, उशी दिली, ताक आणलं. नागपूरची दुपारची बस गेली होती, पुढची थेट संध्याकाळी.

बाबूलालनं गाडी सुरू केली, काटा पाहिला, नामदेवभाऊंचं सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. जुनी गाडी आहे, बेअरिंग गेले असतील, इंजिन उतरवावं लागेल, आठ दिवस धरा. आठ दिवस हे शब्द ऐकून मी तिथेच टायरवर बसलो. तामियाला सुईण तरी होती. इथे मी माझ्या बहिणीला एका अनोळखी माणसाच्या अंगणात आणून टाकलं होतं, आणि तेही खोटं बोलून. मला रडू यायला लागलं होतं.

मी नुसता बडबडत होतो. काटा थांबल्यावर वर येतो, गाडी गरम असली तरी येतो, पळवली की पडतो, जेवढी जास्त पळवावी तेवढा जास्त पडतो. तीन दिवस दुसरं काही पाहिलंच नव्हतं, त्यामुळे मला प्रत्येक मैलाचा काटा पाठ होता. बाबूलाल वळला.

‘गरम असतानाही वर येते?’

मी हो म्हटलं. त्यानं पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितलं. त्यानं इंजिन चालू करून रेस दिली. काटा वाढायच्या ऐवजी खाली गेला. इंजिन बंद करून त्यानं विडी ओढली, पंधरा मिनिटांनी परत सुरू केलं, तर काटा सरळ चाळिसावर. तो म्हणाला की बेअरिंग गेले असते तर इंजिन गरम असेपर्यंत काटा वर आलाच नसता, आणि रेस दिल्यावर उलट थोडा वाढला असता. हे वेगळं आहे. खाली तेल ओढायची जाळी असते, तिच्यावर काहीतरी बसलं आहे. इंजिन जोरात ओढतं तेव्हा ते जाळीला चिकटतं, थांबलं की खाली पडतं. इंजिनाखालचं तेलाचं चेंबर उतरवून पाहू, दोन तास लागतील.

मी पळत जाऊन कुसुमला सांगितलं की दोनच तास. ती बाजेवर कुशीवर पडली होती. तिनं मान डोलावली आणि म्हणाली, ‘लवकर करा म्हणावं.’

बाबूलालच्या बायकोनं मला भाकर आणि अंबाडीची भाजी दिली.  चेंबर खाली आलं तेव्हा मी भाकर हातात घेऊनच पाहायला गेलो. जाळीवर काळपट लगदा बसला होता. बाबूलालनं तो बोटानं खरवडून तळहातावर घेतला, रॉकेल टाकून धुतला. तांदूळ होते. आणि उकडून मऊ झालेल्या झेंडूच्या पाकळ्या.

‘हे तेलात कोनं टाकलं?’ त्यानं विचारलं.

नामदेवभाऊंनी माझ्याकडे पाहिलं नाही, ते जाळीकडेच पाहत होते. मी म्हणालो, ‘मी.’

निघायच्या दिवशी सकाळी नवं ऑईल घालून नामदेवभाऊ आत गेले तेव्हा ऑईलचं झाकण मडगार्डवरच राहिलं होतं. बॉनेट अजून वरच होतं, आई त्याच्या पत्र्याला कुंकू लावत होती. मला ते उघडं तोंड दिसलं आणि वाटलं, वरच्या पत्र्याची पूजा करून काय होणार, ओझं ओढतं ते आतलं इंजिन. मी मूठभर अक्षता घेतल्या, माळेतली दोन फुलं कुस्करली, डोळे मिटले, कुसुमला सुखरूप आणू दे म्हटलं आणि सगळं आत सोडलं. आईनं पाहिलं नाही. मीच वरून झाकण लावलं आणि बॉनेट खाली केलं.

बाबूलाल हसला. नामदेवभाऊ हसले नाहीत.

‘भाऊ,’ ते म्हणाले, ‘ते तेल पिण्याचं तोंड आहे. देव्हारा नाही.’

मग त्यांनी जाळी बाबूलालच्या हातून घेतली आणि स्वतः तीनदा धुतली. शरमेनं मला त्यांच्याकडे पाहवेना.

चेंबर चढलं, नवं ऑईल पडलं, गाडी सुरू झाली. रेस दिली तशी काटा पंचेचाळिसावर गेला. बाबूलालच्या बायकोनं कुसुमच्या ओटीत पाच संत्री घातली. सौंसर सोडलं आणि दहा मैल झाले, वीस झाले, काटा चाळिसाखाली आला नाही. तीन दिवसांचं ओझं अंगावरून उतरलं. मी संत्री सोलली, फोडी कुसुमला दिल्या, गाणं गुणगुणलो, पहिल्यांदाच खिडकीबाहेर पाहिलं. कपाशी फुटली होती. नामदेवभाऊ गाडी जरा जोरात हाणत होते, तर मी म्हटलं की आता कशाला घाई, तिला धक्के बसतात, हळू चला.

‘नाही भाऊ, हाणा,’ कुसुम त्यांना म्हणाली. तिच्या हातातली फोड तशीच होती.

रामदासपेठ

दिवेलागणीला आम्ही दवाखान्याच्या दारात पोचलो. कुसुमला आत घेतलं. मी बाहेर बाकावर बसून नामदेवभाऊंची माफी मागण्याची वाक्यं जुळवत होतो. तिथल्या डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, कागदावर माझी सही घेतली आणि म्हणाल्या की ऑपरेशन आत्ताच करायचं आहे. मला वाटलं, आडवं मूल म्हणजे असंच करत असतील. मी निर्धास्त होतो. आईला बोलवायला नामदेवभाऊ गेले, ती आली तेव्हा मुलगी झालेली होती. रडायला तिनं बराच वेळ लावला, असं नर्स म्हणाली.

पाचव्या दिवशी मी कुसुमपाशी बसलो आणि सगळं सांगून टाकलं. तामियाला खोटं बोललो ते, अक्षतांचं, पक्ष्याचं.  मी दगड लावत होतो तेव्हाच तिला कळलं होतं, असं ती म्हणाली. मग बाळाचं दुपटं नीट करत राहिली.

‘घाटात त्या ट्रकपासून हे हललंच नव्हतं, दादा,’ ती म्हणाली.

मला आधी कळलंच नाही.

‘सौंसरले बाजेवर पडल्या पडल्या मी पोटाले हात लावून होती. दोन तास. नंतर गाडीतही.’

मी विचारलं, काहून सांगितलं नाही.

‘सांगितलं असतं तर तू त्या मिस्त्रीले चेंबर खोलू देलं असतं? तशीच गाडी काढाले लावली असती. मग रस्त्यात कुठं बसलो असतो आपण?’

हे खरं होतं. मी तसंच केलं असतं.

‘आणि सौंसरनंतर?’ मी म्हटलं. ‘तेव्हा तर गाडी चांगली झाली होती.’

‘तू किती खुशीत होता गा,’ ती म्हणाली. ‘गाणं म्हणून राहिला होता.’

 कपाशी पाहत, संत्री सोलत मी हळू चला म्हणत होतो, तेव्हा ती माझ्या खांद्याला खांदा लावून बसली होती. खरी भीती मला तिथे वाटली, भर दुपारी, सगळं होऊन गेल्यावर. कुसुमनं माझ्याकडे पाहिलं आणि बाळ उचलून माझ्या मांडीवर ठेवलं. झोपेत तिचा एक पाय दुपट्याबाहेर आला होता आणि हलत होता. मी तो झाकला नाही. हलतोय तोवर पाहत बसलो.